अर्ज, टेबल आणि शेवटची एस.टी.

दुर्गाबाई भागवत माहीत नाहीत असा मराठी वाचक शोधूनच काढावा लागेल. त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव मात्र, मी रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाले, कॉलेजात शिकवायला लागले, तरी माझ्या कानावर आलेलं नव्हतं. कमला भागवत, लग्नानंतर कमला सोहोनी. जन्म १९११चा, इंदूरचा. १९३३ साली रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन त्या मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बी.एस्सी. झाल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले रसायनतज्ज्ञ. पुढची वाट घरातूनच ठरल्यासारखी होती. अर्ज बंगळूरला गेला आणि नकार घेऊन परत आला.

सर सी. व्ही. रामन त्याच वर्षी तिथे संचालक झाले होते. नोबेल मिळालेलं, संस्थेचे पहिले भारतीय संचालक. मुलींना आपल्याकडे घ्यायचं नाही, हे त्यांचं मत. गुणपत्रिका पाहून नकार आला असता तर गोष्ट वेगळी. हा आला तो नाव पाहून. कमलाबाईंनी दुसरीकडे अर्ज केला नाही. त्या बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या, कारण विचारलं आणि सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. दांडीयात्रा होऊन तीनच वर्षं झाली होती. हे हत्यार कसं चालवायचं हे त्या वयाच्या पोरांना चांगलं ठाऊक होतं. रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही, काम बघून मग ठरवू. मार्गदर्शक म्हणतील तितक्या रात्रीपर्यंत काम करावं लागेल. आणि तिसरी अट अशी, की प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ.

या अटी मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. तिसरीला मुलं हमखास हसायची. मी म्हणायची, हसू नका, नीट बघा. लक्ष ज्याचं उडायचं त्याला काही अट नाही, अट तिला. आणि तिन्हींतली एकही अट तिच्या रसायनशास्त्राच्या ज्ञानाबद्दल नाही. वेळ, जागा आणि वावर, एवढ्यांबद्दलच त्या आहेत.

आपल्या विद्यापीठांच्या विज्ञान विभागांत कोण टिकलं आणि कोण गळालं, याचा इतिहास मला याच गोष्टींचा इतिहास वाटतो. मराठीचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी उसनं पुस्तक आणून रात्रभर जागून वाचू शकतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तसं करता येत नाही. त्याला टेबल लागतं, गॅसचा बर्नर लागतो, तराजू लागतो, तराजूच्या खोलीची किल्ली लागते, आणि हे सगळं ज्याच्या ताब्यात असतं त्याची मर्जी लागते. त्यामुळे इथे कुणाला बाहेर ठेवायचं तर तोंडानं ‘नाही’ म्हणायचीसुद्धा गरज पडत नाही. पाटी ‘सर्वांना प्रवेश’ अशीच राहते.

कमलाबाईंना बंगळूरला श्रीनिवासय्या हे कडक पण तळमळीचे मार्गदर्शक लाभले. दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या. पहिल्या वर्षाचं काम बघून रामन यांचं समाधान झालं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीची परीक्षा घेऊन तमाम मुलींचा निकाल लावायचा, हा न्याय तेव्हा कुणाला फारसा खटकलेला दिसत नाही. एखादा मुलगा नापास झाला म्हणून मुलग्यांना प्रवेश बंद, असं मात्र कुठल्या संस्थेनं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिथून त्या मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेल्या. प्रयोगशाळेत जागेची अडचण होती. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकानं त्यांना आपल्याकडचं एक टेबल देऊ केलं. त्या टेबलावर रिश्टर रात्री झोपत असत; दिवसा तुम्ही काम करा, म्हणाले. अट काही नव्हती. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे त्या वनस्पतींच्या पेशींकडे वळल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध टाइप केलेल्या उण्यापुऱ्या ४० पानांचा. १९३९ साली पीएच.डी. हातात आली.

इथे केंब्रिजच्या उदारपणाच्या आरत्या ओवाळायचं काही कारण नाही. त्या विद्यापीठानं स्त्रियांना पूर्ण हक्काची पदवी द्यायला १९४८ साल उजाडू दिलं. तोवर त्यांना मिळे ती नावापुरती. विद्यापीठाच्या कारभारात मत नाही, सभासदत्व नाही. म्हणजे नियम बंगळूरइतकाच आडमुठा होता, पण नियमाच्या खालच्या पायरीवर एका माणसानं आपलं टेबल रिकामं करून दिलं. विभाग नावाची गोष्ट पुष्कळदा अशा एखाद्या माणसावर चालते. आणि तो माणूस नसला की बंद पडते, हीच त्यातली मेख.

परतल्यावर कमलाबाई दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाल्या. काळाघोड्याजवळची ती दगडी इमारत आपण येताजाता बघतो. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा, ताडगूळ, कडधान्यं यांवर काम केलं. गरिबाच्या पानात जे पडतं त्यात पोषण किती, हा प्रश्न घेऊन केलेलं काम. नीरेवरच्या कामासाठी राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. संस्थेचं संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणापायी काही वर्षं लांबलं, मग मिळालं. १९३३ साली प्रवेशाला आडवं आलेलं तेच पुढे बढतीलाही आडवं आलं. १९९८ साली त्या गेल्या.

दाराशी अडवणं निदान डोळ्यांना दिसतं. शेवटच्या सहीशी अडवलेलं दिसतही नाही. त्याची गोष्ट ॲना मणी यांची. जन्म १९१८चा, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्या ऑनर्स झाल्या आणि १९४० साली शिष्यवृत्तीवर बंगळूरला रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. एव्हाना दार उघडलं होतं. रामन यांच्याकडे हिरे होते. त्यांतल्या तीसहून अधिक हिऱ्यांच्या प्रकाशाचा ॲना मणींनी अभ्यास केला. स्फटिक द्रवरूप हवेच्या तापमानाला ठेवायचा आणि त्याचा मंद उजेड फोटोच्या काचेवर उमटेपर्यंत थांबायचं. एकेका नोंदीला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास. त्या कित्येकदा रात्रीही प्रयोगशाळेतच असत. विद्यार्थी-विद्यार्थिनींनी एकमेकांशी बोलत बसणं रामन यांना खपत नसे, त्यामुळे विभागातल्या चर्चा, वादावादी, चहाच्या वेळच्या गप्पा, ज्यातून माणूस निम्मं शास्त्र शिकतो, त्यापासून त्या लांबच राहिल्या.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, पाचही एकटीच्या नावावर. १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर झाला, कारण तेव्हा पदवी तिथून मिळे. विद्यापीठानं कळवलं, की तुमच्याकडे एम.एस्सी. नाही, सबब पीएच.डी. देता येत नाही. पदवी परीक्षेतला ऑनर्स, पाच निबंध, रात्री जागून घेतलेल्या नोंदी, कशाचाच जमाखर्च झाला नाही. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे, इतरांच्या प्रबंधांसारखाच बांधलेला.

ॲना मणी त्यावर रडत बसल्या नाहीत. इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आल्या आणि १९४८ साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. पुणेकर ज्याला शिमला ऑफिस म्हणतात, त्याच खात्यात. पर्जन्यमापकापासून वायुभारमापकापर्यंत सगळी उपकरणं तेव्हा परदेशातून यायची. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले आणि ती इथे बनू लागली. वर्कशॉपमधले शंभराहून अधिक पुरुष त्यांच्या हाताखाली काम करत. उपमहासंचालक म्हणून १९७६ला निवृत्त झाल्या. शिवाजीनगरच्या त्या चौकात सिग्नलला थांबणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

माझी स्वतःची एम.एस्सी. सत्तरच्या दशकातली. तोवर मुलींना कुणी अडवत नव्हतं. आमच्या वर्गात मुली बऱ्याच होत्या. पण सहानंतर प्रयोगशाळेची किल्ली मुलींना मिळत नसे. कारण विचारलं तर सुरक्षितता. विभागात एकच स्पेक्ट्रोफोटोमीटर, दिवसभर तो प्राध्यापकांच्या आणि पीएच.डी.वाल्यांच्या ताब्यात. एम.एस्सी.च्या पोरांचा नंबर लागे तो संध्याकाळी. म्हणजे मुलींचा लागतच नसे. आम्ही आमची द्रावणं वर्गातल्या एखाद्या भल्या मुलाकडे द्यायचो, तो रीडिंग घेऊन आणायचा, आम्ही आलेख काढायचो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, या उपकरणात आधी शून्य कशावर लावता? पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, बटण कुठल्या बाजूला असतं? ते काही पुस्तकात नव्हतं. मला मार्क कमी पडले ते बाई म्हणून पडले, असं कुठल्याही कागदावर सिद्ध करता येणार नाही. गुणपत्रिकेत दिसतं ते एवढंच, की मुलीचं प्रॅक्टिकल कच्चं आहे.

बाईचं हे, जातीचं याहून जुनं आणि याहून खोल. मेघनाद साहा हे नाव भौतिकशास्त्राच्या पुस्तकात साहा समीकरणामुळे अमर झालंय. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचं तापमान आणि घटना उलगडून सांगणारं हे समीकरण १९२०चं. ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आला, तेव्हा सत्येंद्रनाथ बोस वर्गात होते, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रे शिकवायला होते. यापेक्षा चांगला विज्ञान विभाग तेव्हाच्या हिंदुस्थानात दुसरा सांगता येणार नाही. पण इडन हिंदू हॉस्टेलमध्ये उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्यासोबत जेवायला बसायला हरकत घेतली. वर्ग सगळ्यांना खुला, पंगत नाही. आपल्याकडे तर डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकून येऊन १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केली होती.

हे सगळं स्वातंत्र्यापूर्वीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण दिल्लीच्या एम्समधल्या तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात समितीनं केली, तिचा अहवाल २००७चा. वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी एकवटलेले, कारण इतरत्र राहणं त्यांना नकोसं केलं गेलेलं. मेसमध्ये वेगळे गट. अंतर्गत गुणांबद्दल आणि तोंडी परीक्षेबद्दल तक्रारी. इडन हॉस्टेल आणि एम्सचं हॉस्टेल यांच्यात शतकभराचं अंतर आहे, पण पंगत तशीच.

या बाबतीत महाराष्ट्रानं मात्र एक शहाणपण फार लवकर दाखवलं होतं. शाळा काढण्याच्या आधी किंवा निदान शाळेच्या जोडीनं बोर्डिंग काढायचं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभं केलं आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. १९०२चा नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम सगळ्यांना पाठ असतो. पण त्या जागा भरायला शिकलेला माणूस लागतो आणि शिकायला शहरात अंथरूण टाकायला जागा लागते, हे महाराजांनी आदल्याच वर्षी ओळखलं होतं. भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. १९२४ साली साताऱ्याच्या बोर्डिंगात त्यांनी सगळ्या जातींची मुलं एकाच चुलीवर जेवायला बसवली, आणि ती चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

डॉ. आंबेडकरांनी तेच सूत्र कॉलेजपर्यंत नेलं. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं ते लष्करी बराकींत. कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही सुरुवातीपासून. हे मुद्दाम सांगते, कारण गरिबांसाठी काढलेल्या कॉलेजात विज्ञान शाखा घालणं हा महागडा निर्णय असतो. बाकं आणि फळा एवढ्यावर कला शाखा चालते; विज्ञान म्हटलं की गॅस, पाणी, काचसामान, रसायनं. वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे दिवसा कचेरीत किंवा गिरणीत जाणाऱ्याला शिकता यावं. १९५० साली औरंगाबादला, जिथे पदवीपर्यंतच्या शिक्षणाची पुरती वानवा होती अशा मराठवाड्यात, त्यांनी कॉलेज काढलं. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनाच्या त्या विस्तीर्ण आवारात वसतिगृहं होती, आणि पुढे विज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालयही झालं. एम्सचा अहवाल लिहिणारे थोरात हे मिलिंदचेच पदवीधर.

मी नोकरीला लागले ती मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याखालचं एक लांबट दालन, मधोमध काळ्या कडाप्प्याची टेबलं, कोपऱ्यात किप्सचं उपकरण आणि सडक्या अंड्याचा वास. दोघांत एक ब्युरेट. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं, की ब्युरेटचा कॉक फिरवणारा हात नेहमी तोच असतो. जोडीत मुलगा-मुलगी असली तर मुलगा टायट्रेशन करतो, मुलगी रीडिंग लिहिते. अक्षर चांगलं असतं ना मुलींचं! दोन्ही मुलगे असले तर शिक्षकाचा किंवा दुकानदाराचा मुलगा करतो आणि स्कॉलरशिपवर आलेला मुलगा हात मागे बांधून एक पाऊल मागे उभा राहतो. सुरुवातीला मला वाटलं, लाजतोय. मग एकदा त्याच्याच हातात पिपेट दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरावं तशी धरली.

“अरे, एका हातानं धर, तर्जनी वर ठेव.”

“फुटंल मॅडम.”

“फुटली तर फुटली.”

“बिरकेज लागंल की.”

ब्रेकेज. काचसामान फुटलं की वर्षअखेरीस डिपॉझिटातून कापायची रक्कम. ज्याच्या घरी त्या पैशांचा आठवड्याचा बाजार व्हायचा, तो मुलगा काचेला हात लावण्यापेक्षा रीडिंग उतरवून घेणं पसंत करणारच. तीन वर्षं असं उभं राहून तो बी.एस्सी. होतो, आणि मग आपण म्हणतो, या मुलांचा हात प्रयोगात बसलेला नसतो. आम्ही विभागात ठरवलं, की पहिल्या वर्षाला ब्रेकेज कुणाचंच कापायचं नाही आणि ब्युरेटवरचा हात दर प्रॅक्टिकलला बदलायचा. काचसामान फुटलं थोडं जास्त. ते कुठल्याही वर्षी फुटतंच.

दुसरी गोष्ट मुलींची. आसपासच्या खेड्यांतल्या बारावी सायन्सच्या मुली पुढे बी.ए.ला नाव घालत होत्या. आवड नाही, म्हणायच्या. एकीला रसायनशास्त्रात उत्तम मार्क होते, म्हणून मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “बाई, तुमचं पॅक्टिकल साडेपाचला सुटतंय. आमच्या गावची शेवटची गाडी पावणेपाचला. पोरीनं रात्री कुठं ऱ्हायचं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आगार व्यवस्थापकांकडे अर्ज केला; गाडी काही पुढे सरकली नाही. मग वेळापत्रकच सरकवलं. खेड्यातून येणाऱ्यांची बॅच अकराची, गावातल्यांची दुपारची. गावातली मुलं नाराज झाली, त्यांच्या शिकवण्यांच्या वेळा मोडल्या. विभागप्रमुख म्हणाले, बॅचेस हजेरीपटाच्या क्रमानं पाडायच्या असा नियम आहे. नियम मागवून पाहिला, तसा कुठे लिहिलेला नव्हता. लॅब अटेंडंटला सगळी मुलं मामा म्हणायची; त्यांना लवकर यावं लागणार होतं. “मला काय, किल्ली माझ्यापशीच आसती,” म्हणाले आणि यायला लागले. पुढच्या जूनपासून खेड्यांतल्या मुली बी.एस्सी.ला दिसू लागल्या. आवड आपोआप उत्पन्न झाली होती.

असाच आणखी एक अडसर भाषेचा. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुलं घेऊन वर्षानुवर्षं काम केलं. ही मुलं विज्ञानात मागे पडतात ती पाठ्यपुस्तकाच्या अवघड भाषेमुळे आणि घरी शिकवायला कुणी नसल्यामुळे. भाषा सोपी केली, वाचून समजून घ्यायचा सराव दिला, की ती वर येतात, हे त्यांनी करून दाखवलं. ‘द्रावणाची संपृक्तता’ म्हणण्याऐवजी ‘यात आता आणखी मीठ विरघळत नाही’ असं म्हटलं तर शास्त्राचं काही बिघडत नाही. मी तेव्हापासून दोन्ही म्हणते; आधी दुसरं, मग पहिलं.

१९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. वैज्ञानिक स्त्रियांची संघटना म्हटल्यावर परिसंवाद आणि ठराव डोळ्यांसमोर येतात. या बायकांनी वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर काढलं. प्रयोग रात्री आठपर्यंत चालणार असेल तर मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्यांनी विज्ञानाचाच मानला. पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत २००८ साली भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या आत्मकथनांचा संग्रह संपादित केला. कणभौतिकीत जगभर नाव कमावलेल्या या बाई २०२४मध्ये जाईपर्यंत हेच सांगत राहिल्या, की मुली विज्ञानात येत नाहीत ही तक्रार खोटी आहे, त्या टिकत का नाहीत ते विचारा. आकडेही तेच सांगतात. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या सरकारी पाहणीत विज्ञान शाखेतले विद्यार्थी ५७.२ लाख, आणि त्यांत मुली मुलांपेक्षा जास्त. वर्गात अशी स्थिती. विभागप्रमुखांच्या खोलीत डोकावलं की चित्र पार उलटं. केंद्राच्या विज्ञान खात्यानं २०२०मध्ये ‘गती’ नावाचा उपक्रम काढला, त्यात संस्थांनी आपलीच तपासणी करायची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली समानतेचे नियम काढले, त्यात भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं होतं. कागद चांगले आहेत.

निवृत्तीनंतर मला अधूनमधून कॉलेजं समित्यांवर बोलावतात. हल्ली सगळीकडे समावेशकतेचा अहवाल असतो, रंगीत, स्पायरल बायंडिंग केलेला, महिला दिनाचे फोटो लावलेला. तो बाजूला ठेवून मी चार कागद मागते. प्रॅक्टिकलच्या बॅचेसचं वेळापत्रक, आणि त्याच्याशेजारी ठेवायला एस.टी.चं. उपकरणांच्या खोलीचं रजिस्टर, म्हणजे किल्ली कुणाच्या नावावर किती वाजता जाते ते कळतं. वसतिगृहाच्या खोल्यांची यादी, मजल्यांसकट. आणि पीएच.डी.ला नोंदणी केलेल्यांची यादी, त्यात कुणाचा प्रबंध सहीसाठी किती महिने पडून आहे त्या तारखांसह. पहिले तीन कागद तासाभरात येतात. चौथा सहसा ‘तयार करावा लागेल’ असं सांगतात. मग तो तयार होईपर्यंत मी बसते.

हे चार कागद एका दुपारात वाचून होतात, आणि त्यांत जे चुकलंय ते पुढच्या जूनच्या आत सुधारता येतं. नव्या इमारतीची, निधीची किंवा वरून येणाऱ्या जी.आर.ची वाट बघावी लागत नाही. वेळापत्रक विभागप्रमुखच लावतात, किल्ली त्यांच्याच सहीनं जाते, प्रबंधही त्यांच्याच टेबलावर असतो. म्हणून माझ्या अभिप्रायात मी संस्थेचं धोरण कसं आहे ते लिहीत नाही. या चार कागदांखाली ज्यांची सही असते, त्यांचं नाव घालून लिहिते.